धायरीच्या विहिरीतलं हिरवं

आई, तुमच्या बाल्कनीतली ॲसिडची बाटली अजून तिथेच आहे. तुम्हाला जाऊन आठवडाही झालेला नाही आणि घर आवरायला मदत करणाऱ्या प्रत्येकाचा हात आधी त्या बाटलीकडे जातो. प्रज्ञा सगळ्यांना एकच सांगते, "ती आईची आहे, असू दे." लोकांना वाटतं, मुलीने आईची साडी जपावी, फार तर चष्मा जपावा. बाथरूम धुवायच्या ॲसिडला कोण आठवण म्हणेल? मी समजावून सांगायच्या भानगडीत पडत नाही.

रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. भन्तेजी येतील, वंदना होईल, मग दोन-चार जण बोलतील. मीही बोलावं असं तुमच्या लेकीचं म्हणणं आहे. चारचौघांत माझी जीभ टाळ्याला चिकटते हे तुम्हाला ठाऊक आहे. आपण दोघेच असलो की मात्र मी इतका बोलायचो, की तुम्ही रेडिओचा आवाज वाढवायचात. म्हणून आधी लिहून काढतोय. तुम्ही कुठे शिकलात, किती वर्षं नोकरी केलीत, ते तुमच्या ऑफिसातले लोक सांगतील. मला त्या हिरव्या दगडाबद्दल बोलायचं आहे. आपला वाद अर्धाच राहिला आणि तुम्ही उठून गेलात. असं तुम्ही आधी कधी केलं नव्हतं.

मी तुमच्या घरात जावई म्हणून आलो तो काही वाजतगाजत आलो नाही. मुलगा धायरीच्या शेतकऱ्याच्या घरातला, मुलगी विश्रांतवाडीच्या बौद्ध घरातली. लग्न रजिस्टर. माझे वडील, आमचे अण्णा, लग्नाला आले, पण फोटोत आले नाहीत. फोटोची वेळ झाली की त्यांना नेमका कोणाचा तरी फोन यायचा. तुम्ही ते सगळं पाहत होतात. निघताना अण्णांना नमस्कार करून म्हणालात, "तुमचा फोन फार चालतो हो." अण्णांना टोमणा कळला की नाही, मला आजवर कळलेलं नाही.

पुढे चुलतीने आग्रह धरला म्हणून अण्णांनी तुम्हाला जेवायला बोलावलं. मी आदल्या दिवसापासून घाबरलेला. कोण कुठे बसणार, कोण काय बोलणार, याचे सगळे हिशेब मनात मांडून झाले होते. तुम्ही रिक्षातून उतरलात, घराकडे एक नजर टाकलीत आणि सरळ विहिरीकडे चालू लागलात. त्या वर्षी विहीर खोल केली होती. सुरुंग लावून काढलेल्या दगडांचा ढीग काठावर पडून होता. तुम्ही पदर खोचलात आणि त्या ढिगात शिरलात. घरात पानं वाढलेली.

अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "पावण्या दगडं येचाया आल्यात व्हय रं?"

तुम्हाला ते ऐकू गेलं. तिथूनच म्हणालात, "पाणी बघायला आले होते. पण तुमचे दगड जास्त चांगले आहेत."

"घ्या की मग. दगडाला हितं कोन इचारतंय?"

पाणी तपासणं हा तुमचा नोकरीचाच भाग होता. सरकारी प्रयोगशाळेत तुमची हयात गेली. गावोगावच्या विहिरींतून बाटल्या भरून आणायच्या आणि पाणी पिण्यालायक आहे का ते लिहून द्यायचं. या विहिरींच्या काठावरच्या ढिगांमुळेच तर तुम्हाला दगडांचं वेड लागलं. तुम्ही एकदा मला म्हणाला होतात, "ज्या विहिरींच्या कट्ट्यावर माझ्या आजीला पाय ठेवू दिला नसता, त्या विहिरींचं पाणी माझी सही झाल्यावर गाव प्यायचं." हे सांगताना तुमच्या आवाजात ना राग होता, ना गर्व. पाण्याचा नमुना चांगला निघाल्यावर सांगावं तसं तुम्ही सांगितलंत.

त्या दिवशी अण्णांनी स्वतःच्या हाताने कळशीतून तांब्या भरून तुमच्यापुढे धरला. तुम्ही प्यायलात. अण्णांनी विचारलं, "कसं हाय?" तुम्ही म्हणालात, "गोड आहे. पण एक बाटली नेते. सही तपासल्यावरच करीन." आणि अण्णा मोठ्याने हसले. लग्न ठरल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. संध्याकाळी दगडांचं पोतं त्यांनीच खांद्यावर घेतलं आणि रिक्षात ठेवलं.

त्या पोत्यात तो होता.

कार्यक्रमाला येणाऱ्या लोकांना थोडं समजावून सांगायला हवं, नाहीतर ते म्हणतील दगडात एवढं काय आहे. आपल्या पुण्याच्या काळ्या दगडात पोकळ्या असतात आणि त्या पोकळ्यांत स्फटिक वाढलेले असतात. पांढरे, गुलाबी, काचेसारखे. पुष्कळदा पोकळीला आतून हिरवं अस्तर असतं, शेवाळ वाळल्यासारखं. ते सेलॅडोनाइट. त्यात लोखंड असतं, आणि ते इथे इतकं मिळतं की दगड जमवणारे त्याच्याकडे मान वळवूनही बघत नाहीत. दुसरं एक हिरवं असतं, मॅलाकाइट. त्यात तांबं असतं. रंग चढा, बारीक सुयांचे झुबके, रेशमासारखी चमक. जगात इतर ठिकाणी ते ढिगाने सापडतं. आपल्या दगडात मात्र ते फार फार क्वचित मिळतं. नवशिका प्रत्येक हिरव्याला तांबं समजतो आणि मुरलेला माणूस प्रत्येक हिरव्याला सेलॅडोनाइट समजतो. तुम्ही मुरलेल्या होतात. तिथेच घात झाला.

विहिरीतल्या त्या दगडावर पांढरं कॅल्साइट थापल्यासारखं बसलं होतं. एका कडेला त्यातून थोडंसं हिरवं डोकावत होतं. तुम्ही नेहमीप्रमाणे बादलीत पाणी घेतलं, त्यात ॲसिड ओतलं आणि दगड बुडवून ठेवलात. कॅल्साइट विरघळेल, आतले स्फटिक मोकळे होतील, सेलॅडोनाइटला ॲसिडने काही होत नाही. हिशेब बरोबरच होता. सकाळी बाल्कनीत गेलात तर बादलीतलं पाणी खसाच्या सरबतासारखं हिरवं. आणि दगड काळा.

प्रज्ञा तेव्हा माहेरी आली होती. ती सांगते, तुम्ही त्या बादलीसमोर पाटावर बसून राहिलात. ती घाबरून मला फोन करत होती, आई बादलीसमोरून उठत नाही म्हणून. मी पोचलो तोवर तुम्ही उठला होतात. एक खिळा सँडपेपरने घासून लख्ख केलात आणि त्या हिरव्या पाण्यात बुडवलात. मला म्हणालात, "बघा आता." थोड्या वेळाने खिळा बाहेर काढला तर त्याच्यावर तांबूस लाल साय धरलेली. दगडातलं तांबं पाण्यात उतरलं होतं आणि पाण्यातून खिळ्यावर येऊन बसलं होतं. मी कारखान्यात तपासणी खात्यात होतो, रोज शेकडो भाग मोजायचो, पण एवढी सुंदर तपासणी मी पाहिली नव्हती.

तुम्ही म्हणालात, "ओळख पटली. आता तो नाही."

तुम्ही तो खिळा हलक्या हाताने धुतलात, वाळवलात आणि तांबं काळवंडू नये म्हणून त्यावर प्रज्ञाचं बिनरंगी नेलपॉलिश लावलंत. तुमच्या कपाटात मंडईतून आणलेल्या द्राक्षांच्या खोक्यांचे कप्पे होते. त्यातल्या एका कप्प्यात कापूस अंथरून खिळा ठेवलात आणि चिठ्ठी लावलीत: मॅलाकाइट, धायरी, अण्णांची विहीर, माझ्याकडून गेला. मी म्हटलं, "हे शेवटचं कशाला लिहिता?" तुम्ही म्हणालात, "मग काय लिहू, चोरीला गेला?"

नंतर तुम्ही मुद्दाम धायरीला जाऊन अण्णांना सांगितलंत, "तुमच्या विहिरीत तांबं आहे." अण्णांचे डोळे मोठे झाले. "किती निघंल?" तुम्ही म्हणालात, "एका खिळ्यावर मावेल एवढं." पण अण्णांनी पहिलंच वाक्य धरून ठेवलं. तालमीपासून दवाखान्यापर्यंत सगळ्या धायरीला कळलं की आमच्या विहिरीला तांबं लागलंय आणि ते खुद्द आमच्या विहीणबाईंनी शोधलंय, सरकारी बाई हायत त्या. लग्नाच्या फोटोत न आलेला माणूस तुमचं नाव असं छाती काढून सांगत फिरत होता. मी तुम्हाला म्हटलं, त्यांचा गैरसमज दूर करा. तुम्ही म्हणालात, "राहू द्या हो. कोणाचं काय बिघडतंय?"

हे वाक्य मी आता पुन्हा पुन्हा आठवतोय.

अण्णा गेले. शेत विकलं गेलं. विहीर बुजली. तुम्हाला दुसरा दगड काही मिळाला नाही. आपण किती ठिकाणी फिरलो! कुठे पाया खणतायत असं कळलं की तुम्ही डब्यात पोळीभाजी घेऊन तयार. मुकादमाला "दादा, जरा दोन दगड बघू का?" असं विचारायचात, आणि एरवी कुणाला आत न सोडणारे लोक तुमच्यासाठी हेल्मेट शोधून आणायचे. घरी हजारो दगड आले आणि त्यात सेलॅडोनाइट तर पोत्याने आलं. तुम्ही भिंगही न लावता लांबूनच सांगायचात, सेलॅडोनाइट, टाका. एका वाढदिवसाला प्रज्ञाने ऑनलाइन मागवून तुम्हाला मॅलाकाइटचा पॉलिश केलेला गोळा दिला. तुम्ही उलटसुलट करून पाहिलात. "छान आहे. हा आफ्रिकेतला. मला धायरीचा हवा होता." आणि मग लेकीचा चेहरा पडलेला पाहून तो गोळा कायम पर्समध्ये ठेवलात. अजून पर्समध्येच आहे.

गेल्या वर्षी आमच्या जुन्या शेतावर टॉवरचं काम सुरू झालं. तुमचे गुडघे कुरकुरत होते, डॉक्टरांनी धुळीत जायचं नाही असं बजावलं होतं. तरी आपण गेलो. तुम्ही खुर्ची टाकून कडेला बसलात आणि मी खड्ड्यात उतरलो. विहीर कुठे होती तेही मला ओळखता येईना. जिथे मी पोहायला शिकलो ती जागा एका खांबाखाली गेली होती. मी नुसता इकडेतिकडे भटकत होतो, आणि अचानक एका फुटलेल्या दगडात हिरवं दिसलं. मी लहान पोरासारखा ओरडलो, "आई! हिरवं!" चिखलात घसरत, धापा टाकत वर आलो आणि तो दगड तुमच्या हातात ठेवला.

तुम्ही भिंग काढलंत. एरवी लांबून ओळखणाऱ्या तुम्ही त्या दगडाकडे बराच वेळ बघत राहिलात. मग भिंग बाजूला करून माझ्याकडे पाहिलंत. म्हणालात, "मॅलाकाइट."

घरी आल्यावर मी भिंगातून पाहिलं आणि मला शंका आली. सुया नाहीत, चमक नाही. मी म्हटलं, "आई, हे सेलॅडोनाइट वाटतंय."

"तुम्हाला काय कळतं?"

"तुम्हीच शिकवलंत."

"मग कमी शिकवलं."

तिथून आपला वाद सुरू झाला. दर रविवारी मी धायरीहून विश्रांतवाडीला यायचो, म्हणजे पुण्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. चहा व्हायचा आणि टीपॉयवर, वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवलेल्या त्या दगडाशी आपण बसायचो. मी म्हणायचो, एक कण द्या, तपासून टाकू. तुम्ही म्हणायचात, माझा एक ॲसिडात गेला, दुसरा देणार नाही. मी म्हणायचो, तुम्हीच सांगता ना, न तपासता नाव लिहायचं नाही. तुम्ही म्हणायचात, मी लिहिलंय कुठे? मी नुसतं म्हणतेय. मी फोनवर फोटो काढून आणायचो, रंग ताडून बघायचो, तुम्ही ट्यूबलाइटचा दोष काढायचात. कधी मला उत्तर सुचलं नाही की हात पुसत म्हणायचात, "आता बोला, जावईबापू." मी चिडायचो. गाडी चालवताना परतीच्या रस्त्यावर मला उत्तरं सुचायची आणि ती पुढच्या रविवारसाठी मी जपून ठेवायचो.

एकदा मी वैतागून म्हटलं, "एका थेंबाचं काम आहे, आई. का अडवून धरता?"

तुम्ही शेंगा सोलत होतात. वर न बघता म्हणालात, "निकाल लागला तर रविवारी काय करायला याल?"

मी हसलो. मला वाटलं नेहमीचा टोमणा.

शेवटच्या रविवारी तुम्ही पलंगावरच होतात. पाय सुजले होते, बोलताना दम लागत होता. मी दगडाचा विषय काढला नाही. तुम्हीच म्हणालात, "आज भांडणार नाही का?" मी म्हटलं, "तुम्ही बऱ्या व्हा, मग बघतो तुमच्याकडे." तुम्ही म्हणालात, "पुढच्या रविवारी ते मोठं भिंग घेऊन या." मी कारखान्यातल्या मित्राकडून मोठं भिंग मागून आणलं. ते अजून माझ्या गाडीत आहे.

काल तुमचं कपाट आवरायला बसलो. एका कॉलेजच्या भूगर्भशास्त्राच्या सरांनी तुमचा सगळा संग्रह मागितलाय, सोमवारी टेम्पो येईल. तुमच्याच इच्छेप्रमाणे चाललंय सगळं. प्रत्येक दगडाला नाव, गाव. फक्त टीपॉयवरच्या त्या दगडाला चिठ्ठी नव्हती. प्रज्ञा म्हणाली, "तुम्हीच ठरवा, तुमचं दोघांचं भांडण आहे." दगड उचलला तर खालच्या कागदावर एक हिरवा कण पडलेला दिसला. आपोआप सुटलेला. तो उचलायला तुमची परवानगी लागली नसती.

मी तो बशीत घेतला. बाल्कनीतून तुमची बाटली आणली. एक थेंब टाकला आणि कणाभोवती बुडबुडे आले. मॅलाकाइटला असेच बुडबुडे येतात, आई. मी जवळजवळ ओरडणार होतो की तुमचं बरोबर होतं. मग तुमचा आवाज कानात आला, बुडबुड्यांवर जाऊ नका, कॅल्साइटलाही बुडबुडे येतात, खिळ्याला विचारा. मी एक बारका खिळा घासून त्या थेंबात टेकवला आणि वाट बघत बसलो. थेंब पाण्यासारखा स्वच्छ राहिला. कण हिरवाच्या हिरवा. खिळ्यावर तांबूस काही म्हणजे काही आलं नाही.

सेलॅडोनाइट. पोत्याने मिळणारं.

मला आधी आनंद झाला, खोटं कशाला बोलू. वर्षभर जे म्हणत होतो ते खरं निघालं. मग कपाटातल्या त्या कप्प्याकडे लक्ष गेलं, कापूस, खिळा आणि 'माझ्याकडून गेला'. तुम्हाला खरंच वाटलं असतं की धायरीचा दुसरा मॅलाकाइट मिळाला, तर तुम्ही तो त्या कापसावर ठेवला असता. इतकी वर्षं तुम्ही तो कप्पा त्याच्यासाठीच राखला होता. तुम्ही या दगडाला तिथे एकदाही ठेवलं नाहीत. तो टीपॉयवर ठेवलात, चहाच्या कपाशेजारी, जिथे मी बसायचो.

तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लांबूनच ओळखला असणार तुम्ही. भिंगातून बराच वेळ पाहत होतात ते दगड ओळखण्यासाठी नव्हतं. आमचं शेत गेलं, विहीर गेली, आणि मी चिखलाने माखलेला, आनंदाने वेडा झालेला तुमच्यापुढे उभा होतो. माझा चेहरा बघून तुम्ही आयुष्यात एकदाच न तपासता सही केलीत.

माझी आई मी शाळेत जायच्या आधीच गेली. तुम्हाला मी आई म्हणायचो ते रीत म्हणून म्हणतो असं तुम्हाला वाटत असेल. रीत नव्हती ती. मला ते म्हणायला दुसरं कोणी नव्हतं. हे एखाद्या रविवारी सांगायला हवं होतं, पण आपल्याला भांडणातून फुरसत कुठे होती?

तर आता व्यवस्था ऐका. खिळा कॉलेजात जाईल, तुमच्या चिठ्ठीसकट. धायरीच्या दगडात तांबं होतं याचा तो एकच पुरावा आहे, तो चार पोरांनी पाहावा. टीपॉयवरचा दगड मात्र मी देणार नाही. तो माझ्या घरी येईल. त्याची चिठ्ठी मी लिहिली आहे: सेलॅडोनाइट, धायरी, अण्णांचं शेत. मॅलाकाइट लिहायचा मोह झाला होता. पण तपासल्यावर खोटं लिहिलं असतं तर तुम्ही मला जेवायला वाढलं नसतं.

रविवारी सगळे निघून गेले की मी थोडा वेळ तिथेच बसेन. मोठं भिंग गाडीतून वर आणेन, तुम्ही सांगितलं होतं म्हणून. दगड टीपॉयवर ठेवेन आणि समोरच्या तुमच्या खुर्चीकडे बघून सांगेन, मी जिंकलो आई, वर्षभर म्हणत होतो तेच निघालं.

आता बोला.